कै. हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांचे पुनर्वाचन

ज्या पृष्ठांवर सनदा, महजर, करीने आणि शकावल्या यांची छाननी व्हावयाची, तेथे कादंबऱ्यांविषयी चार शब्द लिहिणे कित्येक वाचकांस अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. अस्सल कागद हाच ज्यांचा प्रमाणग्रंथ, त्यांनी कल्पित कथांच्या वाटेस का जावे, असा प्रश्न कोणी केल्यास तो गैर म्हणता येणार नाही. आम्ही स्वतः पुष्कळ वर्षे हाच प्रश्न इतरांस करीत आलो. तथापि गेल्या पावसाळ्यात प्रकृतीच्या कारणाने दफ्तरखान्यात जाणे बंद पडले. घरी बसून कै. हरि नारायण आपटे यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या आम्ही पुन्हा एकवार अनुक्रमे वाचून काढल्या. त्या वाचनात आनंद झाला तो झालाच. परंतु आमच्या एका जुन्या मताची दुरुस्तीही झाली. ती दुरुस्ती संशोधकांच्या उपयोगी पडण्यासारखी आहे असे वाटल्यावरून हा लेख सादर करीत आहो.

हरिभाऊंचा (१८६४–१९१९) वाचकांस नव्याने परिचय करून देण्याची गरज नाही. १८९० साली त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि त्यातून त्यांच्या बहुतेक कादंबऱ्या प्रकरणाप्रकरणाने प्रसिद्ध झाल्या. 'म्हैसूरचा वाघ' ही मेडोज टेलरच्या इंग्रजी कादंबरीवरून रचलेली कथा या मालिकेच्या आरंभी येते. नंतर १८९५ ते १८९७ या काळात 'उषःकाल' आली. पुढे 'केवळ स्वराज्यासाठी', 'रूपनगरची राजकन्या', 'चंद्रगुप्त', 'गड आला पण सिंह गेला', 'सूर्योदय', 'मध्यान्ह', अपूर्ण राहिलेली 'सूर्यग्रहण' आणि 'कालकूट', व शेवटी विजयानगरच्या नाशावरील 'वज्राघात' असा हा क्रम आहे. मराठीत ऐतिहासिक कादंबरीचा पाया गुंजीकरांच्या 'मोचनगडा'ने १८७१ मध्येच घातला होता हे खरे. परंतु त्या पायावर वाडा चढविला तो हरिभाऊंनी.

या ग्रंथांचे मोल ठरविताना ते कोणत्या सामग्रीवर उभारले गेले हे ध्यानात घेतले पाहिजे. 'उषःकाला'चे पहिले प्रकरण निघाले तेव्हा राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघावयास अद्याप तीन वर्षे अवकाश होता. तो १८९८ साली आला, आणि त्यातील पत्रेही पानिपतपूर्व दशकातील होती, शिवकालीन नव्हती. हरिभाऊंच्या हाती होते ते ग्रँट डफचे १८२६ चे पुस्तक, 'काव्येतिहाससंग्रहा'च्या द्वारे छापून निघालेल्या बखरी, आणि अॅक्वर्थ व शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये एकत्र केलेले पोवाडे. जेधे शकावली टिळकांनी १९१६ साली उजेडात आणली. 'शिवभारत' १९२७ साली छापले गेले. म्हणजे आज ज्या कागदांवाचून शिवचरित्राचे एक पानही कोणी लिहू धजणार नाही, ते जवळजवळ सर्व कागद हरिभाऊंच्या दृष्टीआड होते. कादंबरीकाराने रात्रीच्या अंधारात वाट काढली आणि आम्ही दिवसाढवळ्या त्याची पावले मोजीत बसलो, असा हा प्रकार आहे.

आता आमच्या जुन्या मताविषयी. आमचे आजोबा पेशाने तलाठी होते. इतिहासाचे पंडित नव्हते. परंतु मोडी त्यांस अस्खलित वाचता येई, आणि आमच्या हातून पहिले मोडी अक्षर त्यांनीच गिरवून घेतले. दर वर्षी माघ वद्य नवमीस, म्हणजे तानाजी मालुसरे पडला त्या तिथीस, संध्याकाळचे दिवे लागले की ते घरातील मंडळींस ओटीवर बसवीत आणि 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीची शेवटची प्रकरणे मोठ्याने वाचून दाखवीत. पुस्तकाची बांधणी सुटली होती. पाने दोऱ्याने ओवलेली होती. शेवट काय होणार हे ओटीवरील प्रत्येकास ठाऊक असे. तरीही मावळे कड्याखाली येऊन ठेपले की आमची आजी हातातील वात वळावयाचे थांबे, आणि आजोबांचा आवाज बसे. हा क्रम आमच्या आठवणीत पंधरा-सोळा वर्षे चालला.

पुढे आम्ही संशोधनाच्या मार्गास लागलो. त्या वयात नवे ज्ञान मनुष्याच्या अंगी लागण्यापूर्वी जिभेवर येते. अशाच एका माघ वद्य नवमीस आजोबांनी पुस्तक उघडले असता आम्ही मध्येच म्हणालो, की या पुस्तकाचे नावच मुळात चुकीचे आहे. तानाजी पडल्यावर कोंढाण्यास सिंहगड हे नाव पडले, ही समजूत कागदांपुढे टिकत नाही. कारण एप्रिल १६६३ मधील शिवाजी महाराजांच्या एका पत्रातच त्या किल्ल्याचा निर्देश 'सिंहगड' असा आहे, आणि तानाजीचा पराक्रम घडला तो सात वर्षांनी, फेब्रुवारी १६७० मध्ये. आम्ही पत्राचा मजकूरही पाठ म्हणून दाखविला. ओटीवर कोणी बोलेना. आजोबांनी चष्मा काढला आणि विचारले, “मग तानाजी पडला नाही, असं तुझे कागद म्हणतात का?” आम्ही म्हणालो, “पडला.” ते एवढेच म्हणाले, “बरं,” आणि पुस्तक मिटून कोनाड्यात ठेविले. त्या रात्री वाचन झाले नाही. पुढल्या माघात ते नव्हते.

आम्ही त्या वेळी खरे बोललो होतो, याविषयी आजही आमच्या मनात संदेह नाही. परंतु त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचा अर्थ आमच्या ध्यानात आला नव्हता. तो या वेळच्या वाचनात आला, म्हणून ही घरगुती हकीकत येथे नमूद केली.

या खेपेस आम्ही कादंबऱ्या लेखनाच्या क्रमाने न वाचता त्यांतील प्रसंगांच्या क्रमाने वाचल्या. आधी 'उषःकाल', मग 'सूर्योदय', मग 'सूर्यग्रहणा'चा जेवढा भाग लिहिला गेला तेवढा, आणि मग 'गड आला'. उजव्या हातास कादंबरी आणि डाव्या हातास छापील साधने, अशी मांडणी होती. दोषांची यादी करण्याची जुनी सवय सुटली नव्हती. प्रथम तीच केली.

'गड आला' या कादंबरीपुरते बोलावयाचे तर वादाची स्थिती अशी. जून १६६५ मधील पुरंदरच्या तहाने कोंढाण्यासह तेवीस किल्ले मोगलांकडे गेले, आणि १६७० च्या आरंभी महाराजांनी ते परत घेण्यास प्रारंभ केला, हे निर्विवाद आहे. कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस १६९७ च्या सुमारास जी बखर लिहिली, तीत तानाजीने गड घेण्याचे पत्करिले, रात्री निवडक मावळे कडा चढून गेले, उदेभान रजपुताशी गाठ पडून दोघेही पडले, आणि मागे सूर्याजी मालुसऱ्याने लोक सावरून गड घेतला, इतका वृत्तांत आहे. रायबाचे लग्न आणि यशवंत घोरपड ही तुळसीदास शाहिराच्या पोवाड्यातील. सती जाण्यास निघालेली आणि उदेभानाने हरण केलेली कमलकुमारी मात्र सभासदास मुळीच ठाऊक नाही; तिचा मान कादंबरीचा. आणखी एक गोष्ट मौजेची आहे. तानाजी पडल्याचे ऐकून महाराजांनी काढलेला म्हणून जो उद्गार सभासदाने दिला आहे, त्यात सिंहाचे नाव नाही. तेथे तानाजीलाच गड म्हटले आहे. कादंबरीच्या नावातील सिंह लोकांच्या जिभेवर इतका दृढ बसला आहे, की सभासदाचा तो अधिक साधा आणि आमच्या मते अधिक हृदयद्रावक उद्गार मागे पडला.

येणेप्रमाणे यादी वाढत चालली. वेषांतरे, भुयारे, गुप्त खुणा, ऐन वेळी येणारा साहाय्यकर्ता यांचाही हिशेब ठेविला. परंतु 'उषःकाल' चालू असताना चारपाच दिवसांनी असे आढळून आले, की यादीचा कागद कोराच राहू लागला आहे आणि आम्ही पाने मात्र उलटीत आहो. याचे कारण शोधू लागलो, तेव्हा पुढील गोष्ट लक्षात आली.

'उषःकाला'चा गाभा लढाईत नाही. सुलतानगड हा कल्पित किल्ला. त्याचे किल्लेदार रंगराव आप्पा हे विजापूरच्या बादशहाचे एकनिष्ठ चाकर. आणि त्यांचा मुलगा नानासाहेब याचे मन डोंगरात जमू लागलेल्या नव्या मंडळीकडे ओढ घेणारे. बापास वाटते, ज्याचे अन्न खाल्ले त्याशी हरामी करणे म्हणजे कुळास बट्टा; मुलास वाटते, ही निष्ठाच आमच्या पायांतील बेडी. ग्रंथकाराने बापास मूर्ख अथवा दुष्ट रंगविलेले नाही; आणि म्हणूनच वाचक एकसारखा दोघांच्या मध्ये उभा राहतो. पहिल्या वाचनात आम्ही मुलाच्या बाजूचे होतो. या वेळी वयामुळे म्हणा वा कागदांच्या सहवासामुळे म्हणा, रंगराव आप्पांच्या तोंडचा प्रत्येक शब्द थांबून वाचावा लागला. एकच ग्रंथ तीस-चाळीस वर्षांनी वाचला असता पात्रे जागच्या जागीच असतात. आपणच ओटीच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेस जाऊन बसलेले असतो. पुनर्वाचनाचा पहिला आनंद हा होय.

दुसरा आनंद संशोधकाचा आहे, आणि तो अनपेक्षित होता. रंगराव आप्पा कल्पित. परंतु त्यांच्यापुढील पेच कल्पित नव्हता. १६५९ साली अफजलखान चालून आला, तेव्हा मावळातील देशमुखांस विजापूरची फर्माने सुटली. कारीचे कान्होजी जेधे यांसही १६ जून १६५९ चे फर्मान आले, की खानास सामील व्हावे. न व्हावे तर वतन जाणार, कदाचित् जीवही जाणार. कान्होजी आपल्या पाचही मुलांसह महाराजांकडे गेले. महाराजांनी त्यांस वतनाची आठवण देऊन परत फिरण्याची मोकळीक दिली असता त्यांनी हातावर पाणी घेऊन वतनावर सोडले, असे जेधे घराण्याच्या कागदांत आहे. त्याच रोहिडखोऱ्यातील खंडोजी खोपडे मात्र खानास मिळाले, आणि पुढे त्याबद्दल एक हात व एक पाय गमावून बसले. एकाच खोऱ्यात, एकाच उन्हाळ्यात, दोन देशमुखांनी दोन वाटा धरल्या. दोघांसही प्रतापगडचा शेवट ठाऊक नव्हता. तो नोव्हेंबरात घडावयाचा होता.

हे कागद हरिभाऊंनी 'उषःकाल' लिहिताना पाहिले नव्हते. तरीही त्या काळच्या मराठी घरांत जो प्रश्न पडत असला पाहिजे तो त्यांनी नेमका हेरला. आम्ही संशोधक 'कोण, कोठे, कोणत्या तिथीस' यांत त्यांना पन्नास ठिकाणी चुकलेले दाखवू शकतो. 'त्या मनुष्यास त्या रात्री कसला घोर लागला असेल' यात मात्र पुढे सापडलेल्या कागदांनी त्यांचीच साक्ष दिली. उत्तरे चुकली, पण प्रश्न बरोबर होता. आमच्यापैकी कित्येकांची उत्तरे बरोबर असतात, आणि प्रश्नच राहून गेलेला असतो.

यावरूनच पुनर्वाचनाचा तिसरा, आणि आमच्या मते सर्वांत मोठा, लाभ दिसून येतो. प्रथम वाचनात वाचक 'पुढे काय' या ओढीने धावतो. 'करमणुकी'चे वर्गणीदार तर पुढील अंकाची वाट पाहत बसत. त्यांच्या दृष्टीने नानासाहेब आठ आठ दिवस संकटात अडकून असे. पुन्हा वाचणाऱ्यास ही ओढ उरत नाही, कारण शेवट त्याच्या मुठीत असतो. संशोधकाची स्थिती नेहमी अशीच असते. त्याला १६७४ चा राज्याभिषेक ठाऊक असतो, म्हणून १६५९ मधील खंडोजी त्यास निर्बुद्ध वाटतो. शेवट ठाऊक असणे हे आमच्या विद्येचे बळ आहे, आणि तोच तिचा मोठा रोग आहे. झालेली गोष्ट होणारच होती, असे आम्हांस वाटू लागते. चांगली ऐतिहासिक कादंबरी ज्ञात शेवटास पुन्हा अनिश्चित करून दाखविते. आजी वात वळावयाची थांबे ती याचमुळे. तानाजी पडणार हे तिला सोळा वर्षे ठाऊक होते. परंतु कड्याखाली मावळे उभे असताना ते तानाजीस ठाऊक नव्हते, आणि त्या घटकेपुरते तीही ते विसरे. इतिहास वाचण्याची ही रीत आमच्या आजीस येत होती. आम्हांस ती पुष्कळ उशिरा आली.

असे असले तरी या कादंबऱ्यांचे दोष प्रेमाखाली झाकणे योग्य नव्हे. कल्पनेने दिलेली पात्रे एकदा लोकांच्या मनात शिरली की अस्सल कागद त्यांस बाहेर काढू शकत नाहीत. 'गड आला' वरून प्रभात कंपनीने १९३३ साली 'सिंहगड' हा बोलपट काढला, आणि कथा वाचणाऱ्यांच्या वर्तुळापलीकडे गेली. गडावर गेलेला सामान्य यात्रेकरू कमलकुमारीची चौकशी करतो असा आमचा स्वतःचा अनुभव आहे. सूर्याजीची चौकशी क्वचितच होते. शिवाय परपक्षाच्या सरदारांचे चित्र पुष्कळदा एकाच ठशाचे उमटते, आणि स्त्रीहरणाचे सूत्र कथानक पुढे ढकलण्यासाठी वारंवार उपयोगात आणिले जाते. उदेभान हा आपल्या धन्याच्या बाजूने गड राखून पडलेला किल्लेदार. रंगराव आप्पांस जो न्याय मिळाला, तो त्यास मिळावयास हरकत नव्हती. 'उषःकाल' आणि 'गड आला' यांतील हा भेद प्रथम वाचनात आम्हांस जाणवला नव्हता. या वेळी तो फार बोचला.

'सूर्यग्रहण' ही अपूर्ण आहे. साप्ताहिकासाठी प्रकरणामागून प्रकरण लिहिणाऱ्या ग्रंथकाराच्या मागे इतरही व्याप होते. आनंदाश्रमाची व्यवस्था त्यांच्याकडे होती, पुण्याच्या नगरपालिकेचे काम होते. कथा मध्येच थांबते. तरुणपणी या गोष्टीचा आम्हांस राग आला होता. आता तसे झाले नाही. ज्यांचे आयुष्य शेवटचा बंद फाटलेली पत्रे वाचण्यात गेले, त्यांस अर्धी गोष्ट परकी वाटत नाही. उलट, महाराजांपुढील संकट संपले की नाही हे न सांगता ग्रंथ थांबतो, तेव्हा वाचक नकळत त्या काळच्या मनुष्याच्या जागी येऊन बसतो.

संशोधन आणि कादंबरी यांचे वैर मानण्याचे कारण नाही, हे आमच्या वडील पिढीस आमच्यापेक्षा अधिक कळत होते. कागदांच्या बाबतीत ज्यांच्याइतका कठोर मनुष्य महाराष्ट्रात झाला नाही, त्या राजवाड्यांनीच १९०२ साली 'कादंबरी' या विषयावर निबंध लिहिण्याचे श्रम घेतले. दफ्तरांच्या शोधार्थ गावोगाव हिंडणाऱ्या तरुणांपैकी किती जणांच्या मनात ती हौस प्रथम 'उषःकाला'ने उत्पन्न केली, याची मोजदाद कोठेही नाही. परंतु आमच्यापुरते आम्ही कबूल करितो, की मोडीचे पहिले अक्षर आम्ही गिरविले ते कडा चढणाऱ्या मावळ्यांच्या ओढीने.

म्हणून एक सूचना करून हा लेख संपवितो. हरिभाऊंच्या शिवकालीन कादंबऱ्यांची टिपांसह आवृत्ती संशोधकांनी सिद्ध करावी. कोणती गोष्ट सभासदाची, कोणती पोवाड्यातील, कोणती ग्रँट डफची आणि कोणती केवळ ग्रंथकाराच्या कल्पनेतील, हे पानाच्या तळाशी बारीक अक्षरात दाखवावे. 'सिंहगड' या नावाची टीप सर्वांत आधी द्यावी. मूळ कथेच्या एका शब्दासही हात लावू नये. वाचणाऱ्याने वर वाचावे, शंका आली तर खाली पाहावे, आणि पुन्हा वर यावे.

आजोबांची ती दोऱ्याने ओवलेली प्रत आमच्यापाशी आहे. गेल्या माघ वद्य नवमीस ती पुष्कळ वर्षांनी उघडली आणि शेवटची प्रकरणे मोठ्याने वाचली. ऐकावयास आमचा नातू होता. नावाविषयीची गोष्ट त्यास सांगितली. पण ती वाचून संपल्यावर सांगितली.